पंचांगाचें गणित आणि मुहूर्ताचें भय

इ. स. २०२४ च्या दिवाळींत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरास करावें कीं १ नोव्हेंबरास, या प्रश्नानें पेढ्यापेढ्यांतून जो घोळ माजला, तो आमच्या व्यापारी वाचकांच्या स्मरणांत असेलच. एक पंचांग एक दिवस सांगे, दुसरें दुसरा. चंद्राची चाल का त्या वर्षीं दोन प्रकारची झाली होती? मुळींच नाहीं.

सूर्य व चंद्र यांच्यांतील अंतर बारा अंशांनीं वाढलें म्हणजे एक तिथि पुरी होते. चंद्राची गति सारखी नसल्यामुळें ती कधीं एकोणीस तासांत आटोपते, तर कधीं सव्वीस तासांवर जाते. वार मात्र सूर्योदयापासून मोजला जातो. म्हणून एखाद्या तिथीस दोन सूर्योदय लाभतात, एखादीस एकही नाहीं. यांसच वृद्धि व क्षय म्हणतात. त्या वर्षींची अमावास्या ३१ तारखेस दुपारीं चारच्या सुमारास लागून दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं सव्वासहाच्या सुमारास संपली. मुंबईस दोन्ही सूर्यास्तांस ती होती. पूजेस कोणता प्रदोषकाळ घ्यावा, हें ठरविणें ग्रंथकारांचें व रूढीचें काम, आकाशाचें नव्हे.

गणित वेधाशीं ताडून घ्यावें, हा आग्रह लोकमान्य टिळकांनींही धरला होता. पुढें मेघनाद साहा यांच्या समितीच्या १९५५ च्या अहवालावरून राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलांत आली. गणिताची सुधारणा झाली. मनाची व्हावयाची आहे.

राहुकाळाचेंच पाहा. दिनमानाचे आठ भाग करून सोमवारीं दुसरा भाग वर्ज्य मानतात. सूर्योदय सहास धरून तो साडेसात ते नऊ असा पाठ झाला आहे. परंतु जानेवारींत मुंबईस सूर्य सातानंतर उगवतो व तो भाग साडेआठ वाजून गेल्यावर लागतो. म्हणजे साडेसातास सौदा टाळणारा गृहस्थ निर्दोष वेळेस भितो, आणि साडेनवास ऐन राहुकाळांत निर्धास्तपणें सही करतो! त्याचें कांहीं वांकडें होत नाहीं, हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

सौदा टळला तर फार तर नफा बुडेल. परंतु प्रसूतीची शस्त्रक्रिया मुहूर्तासाठीं पुढेंमागें करण्याचा आग्रह डॉक्टरांस होतो, तेव्हां दोन जीव पणास लागतात. पंचांग हें आमच्या पूर्वजांच्या बुद्धीचें वैभव आहे. त्यानें सण ठरवावे, कालगणना करावी. आईच्या प्राणांवर त्याचा अधिकार चालूं देणें हा त्या बुद्धीचाच अपमान होय.