मुलांचें गाणें आणि आमचें गणित

आमची धाकटी नात यंदा नऊ वर्षांची झाली. केनवडच्या भजनी मंडळांत जाऊन पेटी शिकावी, असा तिनें हट्ट धरला आणि घरांत दोन पक्ष पडले. चिरंजीवांचें म्हणणें, अभ्यास बुडेल. सूनबाईंचें म्हणणें, आवड आहे तर जाऊं द्यावी. निवाड्यासाठीं प्रकरण आमच्याकडे आलें. वाचकहो, त्या वेळीं आम्हांस आमचाच एक जुना अपराध आठवला.

शिक्षकाच्या नोकरींत असतांना वेळापत्रकांतील गायनाचा तास आम्ही बहुधा गणितासाठीं घेत असूं. एक विद्यार्थी त्या तासाची आठवडाभर वाट पाही. मृदंगावर त्याचा हात चांगला होता. आम्हीं त्यास अपूर्णांक दिले. परवां तो रिसोडास भेटला. आतां त्याचेहि केस पिकूं लागले आहेत. हंसून म्हणाला, “गुरुजी, माझा ताल गेला आणि अपूर्णांकहि आले नाहींत!” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

मुलांस गायन शिकविणें हा रिकामपणाचा उद्योग नव्हे, हें कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं दाखवून दिलें आहे. बालपणीं शोभेच्या दारूनें त्यांची दृष्टि अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विद्या घेऊन त्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तें राजाश्रयावर नव्हे, लोकाश्रयावर चालवावें, हा त्यांचा बाणा. १९०८ मध्यें मुंबईस विद्यालय निघालें. १९३१ सालीं ते निवर्तल्यावर शिष्यांनीं मंडळ स्थापिलें. त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजहि गांवोगांवचीं मुलें देत असतात.

मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची वाट निराळी. साथींत पोरकीं झालेलीं मुलें गोळा करून त्यांनीं वाद्यवृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नांवाचें वाद्य घडविलें. ज्या मुलांस घर उरलें नव्हतें, त्यांस वृंद हेंच घर झालें.

एकट्यानें शिकणें व वृंदांत शिकणें यांत मोठें अंतर आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत वृंदाचे गुण सांगितले आहेत. मुख्य गायकास अनुसरावें, ताल सोडूं नये, आणि एकाचें तुटलें तर दुसऱ्यानें सावरून न्यावें. एकत्र कुटुंबाचे नियम तरी याहून निराळे काय आहेत? परीक्षेंत शेजाऱ्यास सावरणें हा गुन्हा. वृंदांत तोच गुण. हा गुण आमच्या गणिताच्या तासांत शिकवितां येण्याजोगा नव्हता.

म्हणून आम्हीं निवाडा दिला: सायंकाळीं एक तास मंडळांत, रात्रीं एक तास पुस्तकापाशीं. अट एवढीच, कीं पहिले कांहीं महिने पेटी न मागतां टाळ धरावे. लय अगोदर अंगीं मुरूं द्यावी. नात किंचित् हिरमुसली, परंतु गेली. तिला पोंचविण्याच्या निमित्तानें आम्हीहि शेवटच्या रांगेंत टाळ घेऊन बसतों. त्या जुन्या विद्यार्थ्यासहि निरोप धाडला आहे, कीं मृदंग तुझी वाट पाहात आहे.

आमचा ताल अद्यापि चुकतो. तेव्हां पुढच्या रांगेंतून नात मागें वळून पाहते, डोळ्यांनींच सम दाखविते, आणि आम्हांस सावरून नेते.