दुसरा बाण

आमच्या घरी कुणाचा डोळा लवला की आजी विचारी, “उजवा की डावा?” पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा शुभ, एरवी अपशकून. धम्मदीक्षेनंतर वडिलांनी हा हिशेब निग्रहाने बंद केला. मीही तो मागे टाकून ब्रिटनला आलो, असे मला वाटत होते.

२ जून २०२४ रोजी लीड्सचा रग्बीपटू रॉब बरो याचे मोटर न्यूरॉन डिसीजने निधन झाले. त्याच आठवड्यात माझी डावी पोटरी फडफडू लागली. मोबाईलवर कारण शोधले आणि आजीचा अपशकून नव्या वेशात परत आला. बसस्टॉपवर टाचा उचलून पायांतील बळ अजमावणे, आरशात जीभ न्याहाळणे, रात्री पोटरीवर हात ठेवून जागणे, हा माझा नित्यक्रम झाला.

डॉक्टरांनी पायांचे बळ व प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या. स्नायू झिजलेला नव्हता, बळ पूर्ण होते. ही फडफड निरुपद्रवी आहे, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली अशा १२१ रुग्णांचा २ ते ३२ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतील एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नव्हता. थकवा, जागरण, कॉफी आणि चिंता यांनी फडफड वाढते. म्हणजे भीतीने मी जागत होतो, जागरणाने पोटरी फडफडत होती, आणि त्या फडफडीने भीती वाढत होती.

डॉक्टरांचा दिलासा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पत्नीला विचारले, “हा पाय बारीक दिसतो का?” ती शांतपणे म्हणाली, “आज चौथ्यांदा विचारताय.”

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण; तिच्यापायी मनाने केलेला आक्रोश हा दुसरा. माझा पहिला बाण तर वेदनाही नव्हता.

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज सेवेकडे आपण स्वतः नाव नोंदवू शकतो. तेथे मला दिवसभरातील तपासण्या मोजायला आणि प्रत्येक तपासणी थोडी पुढे ढकलायला शिकवले. पहिल्या दिवशी मोजणी एकेचाळीस भरली. आनापानाला बसताना आता पोटरी फडफडली तर तिची नोंद घेतो आणि श्वासाकडे परततो.

धम्मबंधू-भगिनींनो, हातापायांतील बळ कमी होत असेल, स्नायू झिजत असेल, बोलणे वा गिळणे जड जात असेल, तर जीपींकडे जाण्यास विलंब करू नका. मात्र तपासणी होऊनही भीती सुटत नसेल, तर तिच्यावरही उपचार आहेत. आपल्या समाजात गुडघेदुखी मोकळेपणाने सांगतात, हे कुणी सांगत नाही. मीही पाच महिने सांगितले नाही.

पोटरी आजही फडफडते. काल दिवसभरात मी ती तीनदा पाहिली.