पुण्याचा 'रिव्हर व्ह्यू' आणि आमची उजनी

मंडळी, परवा लग्नानिमित्त पुण्यात बंडगार्डनजवळच्या पंचतारांकित हॉटेलात राहिलो. (खर्च यजमानांचा, आपली ऐपत नाही!) खोली 'रिव्हर व्ह्यू', पण खिडकी सीलबंद. पोऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, वासाच्या तक्रारी येतात."

दात घासायलासुद्धा बाटलीबंद पाणी. आणि खाली वाहणारी मुळा-मुठा भीमेतून थेट आमच्या उजनीत! तेच पाणी सोलापूरकर पितात.

२०२२ मध्ये ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभीकरणाचं भूमिपूजन झालं. फरश्या, बाकडी झपाट्याने बसतायत. 'जायका'च्या कर्जातली मैलाशुद्धीकरण केंद्रं मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलेली. अहो, आधी घाण थांबवा, मग काठ नटवा!

हॉटेलवाल्याने काच लावली. आम्ही उजनीच्या नळाला काय लावायचं?