डीजे घेणे आणि डीजे होणे



लागवड, खत, पाण्याची पाळी आणि बिल हे या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही थोडे आडवाटेला जात आहोत. पण प्रश्न आमच्यापर्यंत आला तो बिलाच्याच वाटेनं आला. बोदलकसा आणि तिरोडा भागातल्या सभासदांकडून हल्ली वरचेवर ऐकू येतं, "पोट्टा डीजे घेतो म्हणते. ऊसबिलावर कर्ज काढून द्यावं का जी?"

या वाक्यातला 'घेतो' हा शब्द आम्हाला खटकतो. तबला विकत घेतला म्हणजे माणूस तबलजी झाला असं आपण म्हणत नाही. डीजेच्या बाबतीत मात्र घेणं आणि होणं एकच धरलं गेलं आहे. डीजे म्हटला की पिकअपवर नाही तर ट्रॉलीवर रचलेली पेट्यांची भिंत, मागं जनरेटर, वर फिरते दिवे. गाणी लावणारा पोरगा कुठंतरी कोपऱ्यात मोबाईलला वायर जोडून बसलेला. त्याच्याकडं कोणी पाहत नाही आणि त्याला काही येतं की नाही हेही कोणी विचारत नाही. आमचं मत असं की बापानं पैसा खर्च करायचाच असेल तर तो या कोपऱ्यातल्या पोरावर करावा. भिंत भाड्यानं मिळते.

डीजे म्हणजे 'डिस्क जॉकी', तबकडी हाकणारा. आपल्यातल्या जुन्या माणसांनी हा धंदा रेडिओवर ऐकलेला आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सयानी त्यात गात नव्हते आणि वाजवतही नव्हते. कोणतं गाणं कधी आणि दोन गाण्यांच्या मधे काय, एवढंच त्यांच्या हाती होतं. तेवढ्यावर सारा देश कान लावून बसायचा.

आज ज्याला डीजेची कला म्हणतात तिचा उगम सांगताना अमेरिकेतली एक गोष्ट हमखास सांगतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, एका चाळवजा इमारतीच्या सामायिक खोलीत, अठरा वर्षांच्या कूल हर्क या पोरानं गाणी लावली. बहिणीला शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायचे होते, म्हणून तिनंच हा कार्यक्रम ठेवला होता. ध्वनियंत्रणा वडिलांची. हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यात जिथं नुसता ढोल-ताशासारखा ठेका उरतो, तिथं लोक अधिक जोरात नाचतात. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावू लागला. त्यातून पुढं हिप-हॉप हे अवघं संगीत उभं राहिलं. त्या पोराची पुंजी काय होती, तर लोकांच्या पायाकडं पाहण्याची सवय.

आणि मराठीचं म्हणाल, तर २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. हाऊस संगीतात या कंपनीचं नाव मोठं आहे. तेव्हा हा नाद म्हणजे फुकटचा टवाळपणा, असं म्हणून पोरांना झिडकारणं आम्हाला पटत नाही.

आता सुरुवात कशी करावी ते बघू. घरात साधा लॅपटॉप असेल तर पहिले काही महिने एक रुपयाही लागत नाही. 'मिक्स' नावाची, शेवटी तीन एक्स लावून लिहितात ती, संगणक-प्रणाली फुकट मिळते. तिच्यात दोन गाणी शेजारी-शेजारी लावून एकातून दुसऱ्यात जाण्याचा सराव करता येतो. त्यात पोरगा दोन-तीन महिने टिकला, तर मग दोन डेकचा छोटा कंट्रोलर आणि बरा हेडफोन घ्यावा. दोन्ही मिळून तीस हजारांच्या आसपास धरा. आपल्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाता हा दहा-अकरा टनांचा मामला, उतारा कमी असेल तर थोडा जास्त. एवढं पोरासाठी एखाद्या बापाला झेपतं. पेट्या, अँप्लिफायर, जनरेटर आणि गाडी यांचा हिशेब लाखांत जातो, आणि तिथं आम्ही हात आखडता घ्या म्हणतो.

यंत्रापेक्षा कान महत्त्वाचा, आणि कान तयार करायला आपल्याकडची पोरं शहरातल्यांपेक्षा पुढं आहेत. नाचाची बहुतेक गाणी चार-चार ठोक्यांच्या घरात चालतात. अशी चार-आठ घरं झाली की गाण्यात काही तरी बदलतं, म्हणजे ढोल येतो, गाणारा थांबतो किंवा नवं कडवं सुरू होतं. नवं गाणं सोडायचं ते त्या वळणावर. भजनी मंडळात टाळ धरलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, कारण सम कुठं येते ते त्याच्या हाताला ठाऊक असतं. केहरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहांचा. केहरव्याच्या गाण्यावर दादऱ्याचं गाणं चढवलं तर कितीही महागडं यंत्र असो, नाचणाऱ्यांचे पाय अडखळणारच.

दुसरी गोष्ट वेगाची. एका मिनिटात किती ठोके पडतात यावरून गाण्याचा वेग मोजतात. हाऊस पद्धतीची गाणी साधारण १२० ते १३० ठोक्यांची असतात. एक गाणं १२४ वर चाललंय आणि दुसरं १२८ चं आहे, तर पट्टी सरकवून दोघांची चाल एक करायची आणि मगच दुसरं आत घ्यायचं. ही जुळणी आपोआप करणारं 'सिंक' नावाचं बटण हल्ली जवळपास सगळ्या यंत्रांवर असतं. त्यावर आमचा राग नाही. पण पहिले तीन महिने ते दाबू नये. सायकल शिकताना मागून कोणी धरून ठेवलं तर तोल कधीच येत नाही.

तिसरी गोष्ट पाणी देणाऱ्याला लगेच समजेल. गाण्यात खालचा आवाज म्हणजे बास, मधला आणि वरचा असे तीन भाग असतात आणि तिन्हींच्या चकत्या यंत्रावर वेगळ्या असतात. दोन गाणी एकत्र चालू असताना दोघांचा बास उघडा ठेवला तर एकाच पाटात दोन मोटरींचं पाणी सोडल्यासारखं होतं. पाट फुटतो आणि कोणत्याच सरीला धड पाणी मिळत नाही. नव्या गाण्याचा बास बंद ठेवून ते आत आणायचं, आणि वळणावर जुन्याचा दरवाजा पाडून नव्याचा उघडायचा. एवढं साधलं की ऐकणाऱ्याला सांधा कळतच नाही. यंत्रावरचा लाल दिवा लागला तर आवाज खाली घ्यावा. लाल दिव्यात गाणं फाटतं, आणि पुढं पेटीतला स्पीकरही जळतो.

रोज अर्धा तास पुरे, पण रोज. आपण केलेलं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावं. रात्री झकास वाटलेलं सकाळी कसं लागतं ते कळतं. गाणी कुठूनही फुकट उतरवलेली, किरकिरणारी नकोत. चांगल्या प्रतीची घ्यावीत, वेगाप्रमाणं आणि प्रसंगाप्रमाणं वेगवेगळी लावून ठेवावीत आणि सगळ्यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर खिशात असू द्यावी. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात. रोवणी आटोपली की हा चार महिन्यांचा काळ शिकायला उत्तम. मुलींनीही शिकावं, हे इथंच सांगून टाकतो. पेट्या उचलणं हे डीजेचं काम नव्हे, त्यामुळं ती सबबही उरत नाही.

एवढं झालं की एखाद्या साउंडवाल्याच्या हाताखाली एक हंगाम बिनपगारी का होईना काढावा. वायर कशी गुंडाळावी, अर्थिंग कसं द्यावं, जनरेटर कुठं ठेवावा हे पुस्तकात नीट येत नाही. आणि यात जिवाचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारात हाजीपूरजवळ कावडयात्रेतली डीजेची गाडी ११ हजार व्होल्टच्या तारेला लागली आणि किमान आठ जण गेले. आपल्याही गावोगावी रस्त्यावरून तारा जातात, आणि दर वर्षी पेट्यांचा थर आणखी एकानं वाढतो. यावर आमचं मत कडक आहे. माणूस उभा राहून हातानं वरची पेटी उतरवू शकत नाही इतकी उंच भिंत गावात येऊच देऊ नये.

कायदाही पोरानं पहिल्याच दिवशी वाचावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवायचा. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेवढाच अपवाद. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि लाउडस्पीकर असलेल्या जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त, म्हणजे ६५. दोन माणसांचं साधं बोलणं ६० च्या आसपास भरतं, त्यावरून काय ते समजा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात. वरातीत आणि लग्नाच्या समारंभात गाणी लावायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण हॉटेलात किंवा तिकीट लावून कार्यक्रम केला की गाण्यांच्या हक्काचा परवाना वेगळा काढावा लागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी कान उरतातच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास चालतो, पण ९० चा फक्त ४ तास. भिंतीसमोर याहून कितीतरी जास्त असतो, आणि डीजे तर तिच्या पाठीशी हंगामभर राहणार. ज्या कानावर पोट भरायचं तोच पंचविशीत बधिर झाला तर पोरानं करायचं काय? शंभर-दोनशे रुपयांचे कानातले बोळे मिळतात, ते घालावेत. त्यात लाज कसली?

बोदलकसाकडच्या सभासदांना आणखी एक सांगणं आहे. १९१७ साली बांधलेला आपला तलाव, त्याच्या भोवतीचं जंगल आणि शेजारचं नागझिरा यांच्या ओढीनं बाहेरची माणसं इथं येतात. हिवाळ्यात तलावावर पाखरं उतरतात. लग्नाची वरात गावातून नाचत जावी, आमची ना नाही. पण तलावाच्या पाळीवर वाढदिवस आणि पार्ट्यांच्या नावानं पेट्या लावणं बंद व्हायला हवं. होतकरू डीजेनं असं काम आलं तर नाकारावं. पाहुणे शांततेसाठी येतात, आणि ते आले तर चार पोरांना वर्षभर काम आहे.

कर्जाचं आता स्पष्टच बोलू. ट्रॅक्टर कर्जानं घेतला आणि भाडं मिळालं नाही, तर तो निदान आपल्या बांधीत चिखलणी तरी करतो. बासची पेटी दुसऱ्या कशालाच उपयोगी नाही. लग्नाचे मुहूर्त, गणपती, शारदा-दुर्गा, जयंत्या मिळून वर्षातले कामाचे दिवस मोजके, हप्ता मात्र बाराही महिने. त्यात गावात चौथी भिंत आली की भाव पडतात. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं गणेश विसर्जनात डीजेला मोकळीक द्यायला नकार दिला, तेव्हा भरहंगामात धंदा थांबला. म्हणून ऊसबिलावर बोजा चढवून किंवा पीककर्ज वळवून पेट्या घेऊ नयेत. पोराचा हात बसला, दोन-तीन हंगाम लोकांनी नाव घेऊन बोलावलं आणि स्वतःच्या कमाईतून त्यानं दोन पेट्या घेतल्या, तर त्याला नाही म्हणणारे आम्ही कोण?

धुमालवाल्यांबद्दलही बोललं पाहिजे. आपल्या आणि छत्तीसगडच्या पट्ट्यात धुमाल पार्टी अजून टिकून आहे, कारण बेंजो आणि ऑक्टोपॅडवर माणसाचा हात चालतो आणि समोरचा नाचणारा पाहून तो हात बदलतो. भिंतीनं सनई-डफड्याची कामं खाल्ली, हे खरंच आहे. पण चांगला डीजे त्यांचा वैरी असण्याचं कारण नाही. वरातीला डफडं-सनई, मांडवात हळू आवाजात डीजे, अशी वाटणी काही घरं करतात, आणि खर्चही त्यात फार वाढत नाही. दंडारीत वाजणारा ठेका रेकॉर्ड करून त्यावर नवं काही बांधता येतं का, हे आपल्या पोरांनी करून बघावं. दंडार मुंबई-पुण्याच्या पोरांकडं नाही. मंडईच्या रात्री उगवेपर्यंत बसून ऐकलेली आहे ती आपल्यापाशीच.

संचालक मंडळाला आमची एक सूचना आहे. येत्या मोळीपूजनाच्या संध्याकाळी, भोजनाच्या आधी, सभासदांच्या शिकणाऱ्या मुलामुलींना एक तास द्यावा. कारखान्याच्या सभेचे दोन स्पीकर पुरेत, आणि आवाज एवढाच ठेवावा की शेजारी बसलेल्याशी ओरडल्याशिवाय बोलता यावं. एकेकाला पंधरा मिनिटं, म्हणजे चौघांची सोय होते. नावं आपापल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडं द्यावीत. पेट्या आणणाऱ्याचं नाव घेतलं जाणार नाही.