हार्डकोड केलेले सहा हजार

दिवाळीत रिसोडला गेलो की एका शाळासोबत्याकडे चक्कर होतेच. तो आता गुरुजी आहे. २०१९ मध्ये पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळा मिळाली. पद शिक्षण सेवक, मानधन महिना ६,००० रुपये. त्यात खोलीचं भाडं, डबा आणि पेट्रोल. लग्नाची बोलणी सुरू झाली, तर मुलीकडचे विचारायचे, "पगार किती?" हा सांगायचा, "तीन वर्षांनी सांगतो."

"लेका, तुह्या कंपनीत बेंचवर बसून पूर्ण पगार भेटते," तो मला म्हणायचा, "अन् मी चार वर्ग सांभाळून सहा हजार. काहून?"

तर योजना अशी. राज्याने २००० साली ती आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची, मग वेतनश्रेणी. प्राथमिकला आधी ३,००० होते, पुढे ६,००० झाले, आणि मग २०२२ संपेपर्यंत आकडा तिथेच. १ जानेवारी २०२३ पासून तो १६,००० झाला. आमचे गुरुजी त्याच्या काही महिने आधीच कायम झाले होते!

आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात. कुणीतरी एकदा आकडा लिहितो आणि निघून जातो. बाहेर भाव वाढत राहतात, पण कोडमधला आकडा काही हलत नाही.

नव्या माणसाला पारखून घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. जरूर घ्या. पण पारखायचं असेल तर काम पारखा. उपाशी किती दिवस राहतो हे कशाला पारखायचं?

माझा पगार बरा होता, पण नियमाचा फटका मलाही बसलाच. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत प्रोबेशनचे सहा महिने रजा नव्हती. चौथ्या महिन्यात आजी गेली. "पॉलिसी आहे," एवढंच उत्तर मिळालं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो, तीन दिवसांचा पगार कापला गेला आणि रेकॉर्डवर गैरहजेरी लागली. त्याच मजल्यावर जुनी मंडळी मॅनेजरच्या कानात सांगून दुपारीच घरी जात. नियम सगळ्यांना एकच होता. फक्त तो कुठे वाकतो हे जुन्यांना ठाऊक होतं, आणि नव्याची तर अजून कुणाशी ओळखही नसते.

यात नुकसान एकट्या नव्याचंच होतं असंही नाही. त्यानंतर महिनाभराने मला एका मॉड्यूलमध्ये चूक दिसली. म्हटलं, आधी प्रोबेशन संपू दे, उगाच नजरेत कशाला यायचं? मित्र म्हणतो, तीन वर्षं त्याने एकाही मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. नव्या डोळ्यांना जे दिसतं ते जुन्यांना सवयीने दिसेनासं होतं, आणि आपण नेमकं नव्यालाच गप्प बसायला शिकवतो.

माझं मागणं फार नाही. नियमात पैशांचा आकडा असेल तर तो पुन्हा कधी तपासायचा ती तारीखही तिथेच लिहा. आणि नव्याला पहिल्या दिवसापासून अडीअडचणीची चार दिवस रजा द्या.

गेल्या सोमवारी टीममधल्या एका फ्रेशरने रजा मागितली. आजोबा आजारी आहेत म्हणाला. खोटं कशाला बोलू, "पॉलिसी बघतो," असं मी निम्मं टाइप केलं होतं. मग पुसलं आणि "जा" लिहिलं.

असो. चहा थंड झाला.