वर्गणी आणि पावती

एकलहऱ्यासारख्या कामगारवस्तीत एखाद्या ख्रिस्ती मंडळीने नवे प्रार्थनामंदिर बांधावयाचे ठरविले, तर पैशापाठोपाठ विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. येथील औष्णिक वीजकेंद्राचे पहिले दोन संच १९७० च्या सुमारास सुरू झाले व २०११ मध्ये बंद करण्यात आले. उरलेले तीन १९७९ ते १९८१ या काळातले. अशा वस्तीत माणसे नोकरीबरोबर येतात आणि बदली वा निवृत्तीबरोबर निघून जातात. पायासाठी पैसे देणारा छत पडेपर्यंत तेथे असेलच असे नाही. त्याच्याजवळ उरते ती पावती.

वर्गणी जमविणे हे अर्धेच काम, याचा दाखला मुंबईतच आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर याच्या काळात, १६७६ मध्ये, कोटातल्या चर्चचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी ऑंजिअर वारला. भिंती जेमतेम पंधरा फूट चढल्या होत्या. त्या तशाच जवळजवळ चाळीस वर्षे उघड्या उभ्या राहिल्या आणि जमलेला पैसा नाहीसा झाला. १७१५ मध्ये रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून लोकांना लाजविले, नव्याने वर्गणी गोळा केली आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुले झाले. चर्चगेट हे नाव त्यावरूनच पडले. त्या स्थानकातून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना त्या बेवारस भिंतींची आठवण असेल?

नाशिक परिसराला देणगीचा दुसरा प्रकारही ठाऊक आहे. शरणपूर वसले ते मिशनच्या पैशावर. दाता दूर असला की हिशेबही दूर जातो, आणि मंडळी आश्रिताची राहते. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर इथल्याच जलालपूरचे. त्यांचे पती नारायण वामन टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले, ते ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत स्वतःच्या पायांवर उभा राहावा या ओढीने. आता परदेशी देणगीचा मार्ग कायद्यानेच अरुंद केला आहे: २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम स्टेट बँकेच्या दिल्लीतील ठराविक शाखेतच स्वीकारावी लागते. तेव्हा भिस्त पगारातल्या चार पैशांवरच.

त्यात कमीपणा मुळीच नाही. मिझोराममधील स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. आपल्याकडेही कापणीच्या सणाला वेदीपुढे आणलेल्या धान्याचा, भाजीचा लिलाव होतो, आणि एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो! एका श्रीमंताच्या नावाच्या संगमरवरी पाटीपेक्षा आम्हांला तो भोपळा अधिक मोलाचा वाटतो.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेबतपासणी होतेच. विश्वस्तांची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकताही येत नाही. परंतु वर्षाकाठी एकदा दाखल होणारा ताळेबंद सामान्य वर्गणीदार कधी पाहतो? दरमहा जमा किती, सिमेंट-लोखंडाला किती गेले, ठेकेदाराचे देणे किती राहिले, हे मराठीत लिहून दाराशी लावावे. आणि बदलून गेलेल्यांना टपालाने कळवावे. स्वयंपाकघरातून पैसा वाचविणाऱ्या स्त्रियांपैकी दोघी-तिघी बांधकाम समितीवर असाव्यात, केवळ चहापाण्याच्या व्यवस्थेवर नव्हे.