राक्षस सोपा असतो

‘मुघल’ म्हणजे ‘मंगोल’ याच शब्दाचं फारसी रूप. बाबर वडिलांकडून तैमूरचा, आईकडून चंगेजखानाचा वंशज. म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादला, चंगेजखानाचाच एक दूरचा वारस पुरलेला आहे. मार्च २०२५मध्ये त्या कबरीभोवती पत्रे ठोकले गेले. १७ मार्चला नागपुरात दंगल पेटली, संचारबंदी लागली, एकाचा जीव गेला. महिनाभर आधी ‘छावा’ प्रदर्शित झाला होता. दंगलीचं खापर एकट्या चित्रपटावर फोडणं मला पटत नाही. माझं भांडण आहे ते अशा चित्रपटांच्या साच्याशी.

साचा जुना आहे. १९५६च्या ‘द कॉन्करर’मध्ये हॉलिवूडने चक्क जॉन वेनला चंगेजखान केलं, तर २००७च्या ‘मंगोल’मध्ये सर्गेई बोद्रोवने त्याला बायकोसाठी झुरणारा नायक केलं. रानटी किंवा प्रेमी, तिसरा पर्याय नाही. आपल्याकडेही ‘जोधा अकबर’चा प्रेमळ बादशहा आणि ‘पद्मावत’चा मांस ओरबाडणारा खिलजी. खरा अलाउद्दीन मंगोलांच्या स्वाऱ्या पुन्हा पुन्हा परतवणारा सुलतान होता; पडद्यावर त्यालाच टोळीवाल्याचं सोंग. १२९६मध्ये तो आमच्या देवगिरीवर आला, तो दिल्लीला अंधारात ठेवून आणि यादवांचं मोठं सैन्य बाहेर असताना. लुटलेल्या धनाच्या जोरावर त्याने पुढे चुलत्याचं तख्त बळकावलं. हा पिसाट नव्हे, पक्का हिशेबी माणूस.

राक्षस सोपा असतो. त्याला महसूल गोळा करावा लागत नाही, मनसबी वाटाव्या लागत नाहीत. औरंगजेबाला हे सगळं करावं लागलं. त्याच्या मनसबी घेणाऱ्यांत मराठे सरदारही होते. राक्षस दाखवला की ही अडचणीची माणसं आपोआप पडद्याबाहेर जातात.

‘छावा’तला अक्षय खन्नाचा औरंगजेब थंड आहे, टोप्या विणतो, एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण प्रेक्षक घरी नेतो ते शेवटचे हाल. मग क्रौर्य झाकायचं का? मुळीच नाही. संभाजीराजांची हत्या विचारपूर्वक ठरवून केलेली होती, म्हणूनच ती अधिक भयंकर आहे. वेड्याला निदान वेडाची सबब असते.

आणि या साच्याने खरा तोटा होतो तो मराठ्यांच्याच पराक्रमाचा. ११ मार्च १६८९नंतर युद्ध आणखी अठरा वर्षं चाललं. रायगड पडला, येसूबाई आणि शाहू कैदेत गेले, राजाराम महाराज जिंजीला पोचले, संताजी-धनाजींनी मुघल फौजांची झोप उडवली, १७००नंतर ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. १६८१ साली दख्खनेत उतरलेला बादशहा पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. १७०७ साली मराठ्यांना न संपवताच अहमदनगरला मेला. एवढ्या मोठ्या, शिस्तबद्ध साम्राज्याला जेरीस आणणं ही थोरवी आहे. खलनायकाला माथेफिरू ठरवलं की जिंकणाराही लहान होतो.

बुऱ्हाणपूरची लूट पडद्यावर पाहून लोक असीरगडाजवळच्या शेतांत रात्री टॉर्च घेऊन सोनं खणत होते. हसू नका. थडगं उकरायची भाषा करणारेही तेच करत आहेत. इतिहास वाचायचा सोडून जमीन खणत आहेत.

मला पाहायचा आहे तो चित्रपट १२ मार्च १६८९ला सुरू होतो. तो अजून कुणी काढलेला नाही.